किकर, भाग ५: पिन निघाली!

निघाली एकदाची. अकरा दिवस, दोन पंच (पिन ठोकून काढायच्या सळ्या) आणि डाव्या अंगठ्याचं नख गेल्यावर.

मागच्या वेळी सांगितलं होतंच, किकर, म्हणजे माझ्या शिडाच्या बोटीवर मास्टच्या (डोलकाठीच्या) बुडापासून बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) दिलेला तिरका, नळीचा टेकू, दाबला की आत जायचा आणि तिथेच बसून राहायचा. त्याच्या आतल्या स्ट्रटमधला (गॅसच्या दट्ट्यामधला) नायट्रोजन गेलेला. मेमध्ये टॉपिंग लिफ्टवर (बूम वरून तोलणाऱ्या दोरीवर) कसाबसा हंगाम ढकलला, जूनमध्ये बोट ताडपत्रीखाली गेली. म्हटलं, पिन काढून स्ट्रट बदलायचा, एका रविवारचं काम आहे.

कसलं काय! खालची, मास्टकडची पिन स्टेनलेसची, नळी ॲल्युमिनियमची आणि मध्ये पंधरा वर्षांचं खारं पाणी. पांढरी भुकटी पुट्टीसारखी घट्ट बसलेली. रोज रात्री गंजाचा स्प्रे मारला. नुसता वास सुटला. हातोडा चालवला तर पिनचं टोक फुलायला लागलं, म्हणजे आणखीच अडकणार. तिघांनी ब्लो-टॉर्चचा सल्ला दिला. कृपा करून तो लावू नका. मेलेल्या दिसणाऱ्या स्ट्रटमध्येही थोडा दाब आणि तेल उरलेलं असू शकतं.

शेवटी कामाला आली किटली. स्टेनलेसपेक्षा ॲल्युमिनियम जास्त फुगतं. म्हणून नळीवर उकळतं पाणी ओतायचं, एका बाजूला पिन मावेल असं सॉकेट, दुसऱ्या बाजूला पंचाचा तुकडा, आणि सी-क्लॅम्प पिळायचा. चौथ्या किटलीला 'टक्' झालं. पलीकडच्या बोटीवरचे तांडेल धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी मोडलं. पिन हातात घेऊन मी पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

आता खरी गंमत. आधीच्या मालकाने स्ट्रट उलटा बसवला होता, रॉड (आतबाहेर सरकणारी दांडी) वर! रॉड खाली असेल तरच आतलं तेल सीलपाशी राहतं. इथे सील वर्षानुवर्षं कोरडं.

नवा किती न्यूटनचा? जुन्यावरचा आकडा पुसलेला. मेनसेल (मुख्य शीड) गुंडाळून ठेवलेली असताना बूमच्या टोकाला लटकता काटा लावला: १० किलो. बूम ३.२ मीटर, किकर गूझनेकपासून (बूम मास्टला जोडलेल्या सांध्यापासून) ९० सेंटिमीटरवर, कोन साधारण ४५ अंश. म्हणजे नुसतं तोलायलाच ५०० न्यूटन. घर्षण धरून १००० चा, ब्लीड व्हॉल्व्हवाला घ्यायचा ठरवला. जास्तीचा गॅस सोडता येतो, कमी पडला तर घरी भरता येत नाही.

मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेलो. पहिला प्रश्न, "गाडी कुठली?" त्यांच्या लेखी हा डिकीचा शॉकर. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र कॅलिपर काढून पूर्ण लांबी, स्ट्रोक, आट्या सगळं मोजलं. आट्या ८ एमएमच्याच, त्यामुळे जुनी टोकं चालतील. एवढ्यावरच मी खूश. बाहेरून मागवलेल्या 'मरीन' मालाला तिप्पट पैसे देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच खटकलं. रॉड खाली केला की तो नेमका नळीच्या बुडाशी येणार, जिथे पाणी साचतं. मघाशी फोटो मोठा करून पाहिला: निचऱ्याचं भोक मिठाने पूर्ण बुजलंय. तेव्हा काकांना फोन करून ऑर्डर थांबवली. आधी भोक मोकळं करून ६ एमएमचं करतो, लेथवाल्याकडून ३१६ स्टेनलेसची नवी पिन करून घेतो, तिला प्लास्टिकचं बुश बसतं का तेही बघतो. स्ट्रट पुढच्या शनिवारी.