उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

एप्रिल-मे आला की लांबच्या प्रवासाआधी एक सल्ला हमखास मिळतो. "ऊन फार आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा. तापली की वाढते आणि टायर फुटतो." सल्ला देणाऱ्याला आपली काळजीच असते, पण सल्ला अगदी उलटा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर तो जिवावर बेतू शकतो.

हवा तापली की दाब वाढतो, एवढं खरं. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, बोलीत 'पॉइंट') भरलेला टायर रस्त्यावर ७० अंशांपर्यंत तापला तर काटा ३९ च्या आसपास जातो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते, कारण गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला हवेचा आकडा थंड टायरचाच असतो. सहा पॉइंट वाढले म्हणून धडधाकट टायर फुटत नाही.

फुटतो तो साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या थकव्याने. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथली साइडवॉल गाडीच्या वजनाने दबते आणि वर गेली की सरळ होते. १८५/६५ आर १५ मापाचं चाक ताशी १२० च्या वेगात सेकंदाला १७ वेळा फिरतं. म्हणजे तासाभरात साठ हजारांहून जास्त वेळा दबणं आणि सरळ होणं. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला साइडवॉल जास्त दबते. लोखंडी तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा, आधी ती बोटाला चटका देते आणि मग तुटते. साइडवॉलचं तेच होतं. आतली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही, रबर आतल्या धाग्यांपासून सुटायला लागतं आणि एका क्षणी टायर फाटतो. त्यात गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर ही वेळ लवकर येते.

समृद्धीचं काँक्रीट टायर फोडतं, असं बरेच जण म्हणतात. मला मोठं कारण वेगळं वाटतं. जुन्या रस्त्यावर गावं लागायची, स्पीडब्रेकर यायचे, वेग पडायचा आणि टायर आपोआप गार व्हायचा. इथे दोन-दोन तास वेग खाली येत नाही. गावातल्या गावात ४० च्या वेगाने फिरताना २५ पीएसआयवरही गाडी तक्रार करत नाही. ती चूक या रस्त्यावर उघडी पडते.

तेव्हा हवा घरून निघताना भरा, टायर थंड असताना. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा पंप एक-दोन किलोमीटरच्या आत असावा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत) स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. लग्नाला सगळं घर घेऊन निघालात तर दुसरा आकडा धरा. टायरवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. पंपावरच्या यंत्राचा काटा दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे असू शकतो, म्हणून गाडीत स्वतःचा गेज ठेवा. वाटेत गरम टायर ३९ दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. सोडलीत तर गार झाल्यावर तो थेट २७ वर येईल.

नायट्रोजन भरला असेल आणि तो मिळत नसेल तर साधी हवा बिनधास्त भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दर दीडशे-दोनशे किलोमीटरला थांबा आणि चारही टायरवर तळहात ठेवून बघा. चाकाच्या धातूच्या डिस्कला (रिमला) हात लावू नका, ब्रेकमुळे ती भाजते. उन्हाच्या बाजूचे दोन टायर थोडे जास्त गरम लागतीलच. पण एकच टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक घासतोय. तसंच पुढे जाऊ नका.

आता टायरचं वय. कमी चाललेल्या गाडीत लोक इथेच फसतात, कारण नक्षी शाबूत दिसते. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखालून आतली बाजू बघा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. सहा वर्षांपुढचा टायर समृद्धीवर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. टायर तिथे कायद्यानेच संपला. पावसाळ्यासाठी तर ३ मिलिमीटरलाच बदलावा.

साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. त्यावर इलाज नाही, टायर बदला. साइडवॉलचं पंक्चरही काढून घेऊ नका. आणखी एक गोष्ट पंक्चरवाल्यासमोर उभं राहून बघण्यासारखी आहे. बसलेल्या टायरवर गाडी थोडीफार चालली असेल तर टायर डिस्कवरून उतरवून आत बोट फिरवा. काळा भुगा हाताला लागला तर साइडवॉल आतून खरवडली गेली आहे. बाहेरून कितीही नवा दिसला तरी असा टायर परत चढवू नका.

दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे टाका, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही. पुढचा टायर फुटला की गाडी त्या बाजूला ओढते, पण स्टिअरिंगने सावरता येते. मागचा फुटला की शेपूट फिरतं आणि ते आवरणं कठीण असतं.

वेगात टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. हीच गोष्ट सगळ्यात अवघड, कारण पाय आपोआप तिकडे जातो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, एक्सलरेटरवरून पाय हळूहळू काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग डाव्या कडेला घ्या. हॅझर्ड लाइट लावा. सगळ्यांना गाडीबाहेर काढून कठड्यापलीकडे उभं करा आणि ११२ ला फोन लावा. वाहत्या रहदारीच्या बाजूचं चाक असेल तर मदत येईपर्यंत स्वतः बदलायला बसू नका.

निघण्याआधी स्टेपनी मात्र बघाच. वर्षभर डिकीत पडलेल्या स्टेपनीत हवा बरीच कमी झालेली असू शकते. बारीक, सायकलसारखी दिसणारी स्टेपनी असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्या स्टेपनीऐवजी दुरुस्तीचं किट देतात. खिळ्याच्या भोकाला ते चालतं, फाटलेल्या टायरला नाही. अशा गाडीत टो करण्याची सोय आधीच ठरवून ठेवा. चाक बदललंत तर नट फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे आवळा, आणि पन्नास किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा पाना लावून बघा.