बोल्हाईचं मटण, पातेल्यात आणि मंद आचेवर

आमच्या सासरी बोकडाचं मटण शिजत नाही. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईची देवी घरची कुलदेवी, आणि बोल्हाईला मानणाऱ्या घरांत बोकड वर्ज्य. खायचं ते मेंढीचंच. पुण्यात आणि आसपास मटणाच्या दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ अशा पाट्या लागतात त्या याचसाठी. माहेरी मी बोकडाचं मटण खाऊन वाढले, तेही कुकरमधलं. मेंढीचं मटण करायला इथे आल्यावर सासूबाईंकडून शिकले, आणि आता कोणी विचारलं तर मी ठामपणे सांगते: वेळ असेल त्या दिवशी कुकर बाजूला ठेवा. हे मटण पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवूनच करावं.

खरेदीपासूनच लक्ष द्यावं लागतं. मला रानापेक्षा, म्हणजे मागच्या मांडीपेक्षा, दस्ताचं, म्हणजे पुढच्या पायाचं मटण आवडतं. त्यात शिरा आणि पडदे जास्त असतात, म्हणून ते शिजायला वेळ घेतं, पण शिजल्यावर रस्सा दाट होतो तो त्यांच्यामुळेच. दुकानातले मामा विचारतात, “ताई, चरबी सगळी काढू?” मी म्हणते, “वरवरची जाड काढा, आतली राहू द्या. आणि दोन नळ्या टाका.” मेंढीच्या चरबीला स्वतःचा एक वास असतो, काहींना तो सोसत नाही. जाड थर काढला की वास बराच कमी होतो. पण सगळी चरबी काढणं मला पटत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा आणि रंग दोन्ही पाण्यात नीट उतरत नाहीत, ते उतरतात तेलात आणि चरबीत.

मिरच्या मी दोन जातींच्या घेते. किलोभर मटणाला दहा-बारा ब्याडगी आणि चार-पाच संकेश्वरी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावानं ती ओळखली जाते आणि २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. रंग तिच्याकडून घ्यायचा आणि झणका संकेश्वरीकडून. देठ काढून बिया झटकायच्या. आतला पांढरट भाग मात्र ज्याला तिखट नको त्यानं आवर्जून खरवडावा, कारण मिरचीचा खरा जाळ त्या पांढऱ्या भागात असतो, बियांमध्ये नाही. ब्याडगी कोमट तव्यावर नुसती फिरवायची, फुगून वास सुटला की लगेच खाली. काळा डाग पडला तर ती मिरची फेकून द्या, एकच करपलेली मिरची सगळं वाटण कडू करते. मग अर्धा तास गरम पाण्यात भिजवून लसूण, आलं आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्यासोबत गंधासारखं बारीक वाटते. संकेश्वरी वेगळी भाजून जाडसर कुटून ठेवते, तिचं काम शेवटी.

जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर आधी काढलेल्या चरबीचे दोन-तीन तुकडे सोडते. ते वितळले की उभा चिरलेला कांदा, तो तांबूस झाला की हळद-मीठ लावलेलं मटण. इथे घाई नको. मटण आधी पाणी सोडतं, ते पाणी आटतं, आणि मग तुकडे परतले जाऊ लागतात. चुरचुर आवाज बदलतो त्यावरून कळतं. आता निम्मं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतायचं.

मग झाकण. त्यावर खोलगट ताट, ताटात दोन तांबे पाणी. वरच्या पाण्यामुळे झाकणाची खालची बाजू त्यामानानं थंड राहते, वाफ तिथं लागून थेंब होतात आणि परत मटणात पडतात. त्यामुळे आत पाणी कमी घातलं तरी मटण लागत नाही, आणि रस पातळही होत नाही. आत पाणी हवंच झालं तर ताटातलं गरम पाणी पळीनं घालायचं आणि ताट पुन्हा भरायचं. गार पाणी घातलं की उकळी बसते आणि सगळं मागे पडतं. आच इतकी मंद की आत एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा, खदखदू नये.

दीड तासानं तुकडा दाबून पाहिला तर तो चिवटच लागतो. बहुतेक लोक इथेच धीर सोडून कुकर काढतात. पण या वेळी आत शिरांचं, पडद्यांचं काम चालू असतं: सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की ते हळूहळू विरघळून चिकट रस होतात. कुकरात तापमान एकशेवीसच्या आसपास जातं, म्हणून तिथं हेच झटपट होतं, पण तिथं मला मटण कधी कच्चं, कधी दोरे दोरे सुटलेलं मिळालं. मध्ये उघडून चाखता येत नाही ना. पातेल्यात दर थोड्या वेळानं पाहता येतं. अडीच तासांच्या सुमारास नळीच्या टोकावरचं मांस मागे सरकलेलं दिसतं, पांढरं हाड बोटभर उघडं पडतं. त्यानंतर फार वेळ लागत नाही.

उरलेलं वाटण शेवटच्या अर्ध्या तासात. तिखटपणा कितीही शिजवला तरी टिकतो, पण मिरचीचा वास उडून जातो आणि लाल रंग विटकरी होतो. म्हणून निम्मं आधी मुरायला, निम्मं शेवटी ताजेपणाला. कुटलेली संकेश्वरी तर गॅस बंद करण्याआधी पाचच मिनिटं. टोमॅटो मी घालत नाही, आंबटपणात या मिरच्यांची चव हरवते असं माझं मत.

ताटं आधी मांडून, भाकरी तव्यावर असतानाच मटण वाढायला घ्या. मेंढीची चरबी लवकर थिजते, गार झालेला घास टाळ्याला चिकटतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी पाणी न घालता, झाकून, अगदी बारीक आचेवर गरम करते. त्या दिवशी मसाला जास्त मुरलेला असतो, म्हणून हल्ली पाहुणे येणार असले की मी आदल्या रात्रीच पातेलं चढवते.