घाटावर अडकलेली वाचक

ट्वाइन या फाटे फुटणाऱ्या कथा रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेल्या मुलांच्या एका संवादी कथेची तांत्रिक तपासणी माझ्याकडे होती. कथेच्या नकाशात प्रत्येक प्रसंगाची एक चौकट आणि प्रत्येक पर्यायाचा एक बाण असतो; अशा १८० चौकटींपैकी प्रत्येकीतून बाणांच्या दिशेने जात कोणता तरी शेवट गाठता येत होता. तरीही शाळेतल्या चाचणीत एक मुलगी नदीच्या घाटावर अडकली. पडद्यावर मजकूर होता, पण पुढचा एकही पर्याय नव्हता.

फाटे फुटणारी कथा म्हणजे दिशायुक्त आलेख, म्हणजे बाणांनी जोडलेल्या बिंदूंचे जाळे, ही जाण जुनीच आहे. पॅरिसच्या उलिपो या लेखक-गणितज्ञांच्या गटातील लेखक रेमों केनो यांनी १९६७ मध्ये अशी कथा लिहिली होती आणि आलेख सिद्धान्ताचे मोठे अभ्यासक क्लोद बेर्ज त्याच गटात होते. मात्र केनोंच्या कथेला स्मरण नव्हते, म्हणजे वाचकाने आधी काय निवडले याची नोंद ती ठेवत नसे; त्यामुळे नकाशा तपासला की कथा तपासून होत असे. आमच्या कथेत मात्र वाचकाजवळ काय आहे यासारख्या गोष्टी लक्षात ठेवणारी, हो-नाही स्वरूपाची १२ व्हेरिएबल्स होती. घाटावर नाणे असेल तर होडी मिळे आणि कंदील असेल तर पायवाट दिसे. त्या मुलीने नाणे भुकेल्या मुलाला आणि कंदील म्हातारीला देऊन टाकला होता.

१८० चौकटी आणि त्या १२ व्हेरिएबल्सच्या मूल्यांच्या ४,०९६ जुळण्या धरल्या, तर जास्तीत जास्त ७,३७,२८० स्थिती होतात. हाताने खेळून असा दोष सापडेल, ही व्यवस्थापकांची समजूत मला आजही पटत नाही. मी रुंदीप्रथम शोधाचा, म्हणजे सुरुवातीपासून एकेक पाऊल दूर जात सगळ्या वाटा तपासणारा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘भेट दिलेली’ नोंद केवळ चौकटीची ठेवून चालत नाही, कारण नाणे घेऊन घाटावर पोहोचलेली पहिली वाट तो घाट तपासून झाल्याचे ठरवते आणि रिकाम्या हातांनी येणारी वाट सोडून दिली जाते. म्हणून चौकट आणि बाराही मूल्ये मिळून एक नोंद करावी लागते. नंतर सगळ्या शेवटांपासून उलट दिशेने शोध घेतला. ज्या स्थिती सुरुवातीपासून गाठता येत होत्या, पण या उलट शोधात सापडल्या नाहीत, त्या साऱ्या घाटावरच्याच होत्या आणि त्या प्रत्येकीत दोन्ही वस्तू दिलेल्या होत्या.

होडी सर्वांनाच मिळू द्यावी, ही सूचना मी नाकारली, कारण मग देण्याला काही अर्थच उरला नसता. लेखिकेने घाटावर रात्र काढण्याचा तिसरा पर्याय लिहिला; त्या वाटेने जाणारा वाचक गावी पोहोचतो तेव्हा जत्रा संपलेली असते. आता प्रत्येक स्थितीतून शेवट गाठता येतो, हे प्रोग्राम खात्रीने सांगतो. पण सर्वांत उदार वाचकालाच जत्रा चुकावी का, यावर लेखिकेचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.