तुम्ही विचारलंत म्हणून: फेल्प्सचा फोटो अजून भिंतीवर का?

दर उन्हाळ्यात नवी बॅच सुरू झाली की पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी पालक आमच्या पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात येऊन भिंतीवरच्या मायकेल फेल्प्सच्या, त्या अमेरिकन जलतरणपटूच्या, फोटोबद्दल विचारतातच. "सर, दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा पकडलेल्या माणसाचा फोटो लहान मुलांच्या डोळ्यांसमोर कशाला?" गेल्या आठवड्यात एका आईने मुलाचं नाव काढून घेतलं. जाताना त्या म्हणाल्या, "दुसरा कुणी मिळालाच नाही का तुम्हाला?" तेव्हा मी गप्प बसलो, आणि मग रात्रभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिलो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

२८ ऑलिंपिक पदकं, त्यांतली २३ सुवर्ण. हे मी पुढे करणार नाही. पूर्वी करायचो. २००९ मध्ये त्याचा गांजा ओढण्याच्या नळीसोबतचा फोटो छापून आला, तेव्हाही पालक आले होते. मी छाती काढून सांगितलं होतं, "पाण्यातलं बघा, काठावरचं सोडा." ते वाक्य आज आठवलं की मला स्वतःचा राग येतो. माणूस काठावरच राहतो. पाण्यात दिवसाचे पाच-सहा तास.

भिंतीवरचा फोटो बीजिंग ऑलिंपिकचा आहे, २००८ चा. रिलेत शेवटच्या पन्नास मीटरमध्ये अमेरिकेने फ्रान्सला गाठलं, तेव्हा काठावर उभा राहून तोंड फाडून ओरडणारा फेल्प्स. त्याआधी चार वर्षं, अथेन्सहून सहा सुवर्णं घेऊन आल्यावर काही महिन्यांतच, तो मेरीलँडमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता. वय १९. अठरा महिने प्रोबेशन, अडीचशे डॉलर दंड, माफी. बीजिंगच्या आठ सुवर्णांपुढे ती रात्र माझ्या तरी लक्षात राहिली नाही. तिला मी पोरवय म्हणून सोडून दिलं होतं.

आणि घरातही मी तेच केलं.

माझा धाकटा भाऊ राज्य पातळीपर्यंत पोहला. माझ्याच हाताखाली. पोहणं सुटलं, इथे नाशिकच्या अंबडला नोकरी लागली आणि संध्याकाळी मोकळ्या झाल्या. २०१२ मध्ये गंगापूर रोडवरच्या नाकाबंदीत त्याला मशीनमध्ये फुंकायला लावलं. गाडी जप्त. कोर्टात दोन हजार दंड झाला, तेव्हा तेवढाच असायचा. मी भरला. आईला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. गाडी सुटून आली त्या दिवशी किल्ली त्याच्या हातात मीच दिली. "जपून," एवढंच म्हणालो.

३० सप्टेंबर २०१४ ला फेल्प्स बाल्टिमोरमध्ये पुन्हा सापडला. बोगद्यात ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा, हा १३५ ने. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असला की गुन्हा, तिथे ८०. त्याचं होतं १४०. ती बातमी भावानेच मला चहा पिताना वाचून दाखवली. "दादा, याला काय कमी होतं रे?" मी म्हणालो, पैसा डोक्यात गेला. तो पेपरकडे बघत राहिला. मी कप उचलून आत गेलो.

त्याच दिवाळीत, रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला. "दादा, ये." एवढंच.

त्र्यंबक रोड, सातपूरजवळ. सेकंड शिफ्ट सुटून सायकलवर घरी निघालेले पन्नाशीचे गृहस्थ. एका रिक्षावाल्याने त्यांना आधीच सिव्हिलला नेलं होतं. मी पोहोचलो तेव्हा रस्त्यावर सायकलचं दुमडलेलं मागचं चाक, एक चप्पल आणि कंपनीने दिवाळीला दिलेला सोनपापडीचा डबा होता. डबा फुटून सोनपापडी डांबरावर पसरली होती. भाऊ दुभाजकावर बसून ती बघत होता. वास येत होता त्याच्या अंगाला.

मी आधी काय केलं असेल? त्या गृहस्थांची चौकशी नाही केली. म्हणालो, "ऊठ. गाडी मी चालवत होतो. तू घरी होतास. पोलीस यायच्या आत रिक्षा कर आणि नीघ."

तो उठला नाही. त्याला ओकारी आली. मग तोंड पुसून म्हणाला, "मागच्या वेळीही तूच आला होतास."

पोलीस येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. गुन्हा त्याच्याच नावावर नोंदला गेला.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. रॉड बसवला. ते गृहस्थ पुन्हा मशीनवर उभे राहू शकले नाहीत. एकदा मी त्यांच्या घरी गेलो. मुलीने दार अर्धंच उघडलं, "बाबा झोपलेत." आतून टीव्हीचा आवाज येत होता. मी परत गेलो नाही. जायला हवं होतं.

फेल्प्सच्या गाडीखाली कुणी आलं नाही. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. आणि भांडायलाच उठलो तर विचारतो: शनिवारी रात्री धरणाकडून परतताना स्टीअरिंगवर कोण असतं, हे तुमच्यापैकी किती घरांत विचारलं जातं? पण हे विचारताना माझाच आवाज चढतो, आणि तो कुणावर चढतोय ते मला कळतं.

एका बाबांनी तोडगा सुचवला, "रिओचा फोटो लावा ना, सुधारल्यानंतरचा." खरंच आहे. अॅरिझोनात ४५ दिवस उपचार, सहा महिन्यांची बंदी, मग २०१६ ला पाच सुवर्णं. अटकेनंतरच्या दिवसांत आपल्याला जगायचंच नव्हतं, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. ते सांगायला धाडस लागतं, मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण रिओचा फोटो लावला की गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते. आमच्याकडे ती झाली नाही. भाऊ पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, मीटिंगला जातो, तरी २०१७ मध्ये एकदा आणि लॉकडाऊननंतर एकदा पुन्हा प्यायला. आजचं मी सांगू शकतो, उद्याचं नाही.

बीजिंगच्या त्या ओरडणाऱ्या तोंडात मला आधीची रात्रही दिसते आणि नंतरचीही. दहा वर्षांच्या मुलाला त्यातलं काय दिसणार? त्याला फक्त जिंकलेला माणूस दिसणार. त्या आईंचं म्हणणं इथे मला खोडता येत नाही. मुलांना मी हे सगळं अजून कधी सांगितलेलं नाही, सांगायचं कसं तेही ठरत नाही.

भाऊ आता पहाटेच्या बॅचला मला मदत करतो. सिटीलिंकच्या बसने येतो. लायसन्सची मुदत संपली, त्याने नवं काढलं नाही. रोज हजेरीचं रजिस्टर घ्यायला तो ऑफिसात येतो. ते त्या फोटोच्या बरोबर खाली असतं. फोटो राहू दे की काढू, हे मी इतक्या जणांशी बोललो. त्याला अजून विचारलेलं नाही.