फाइलीत मावणारं गाव

टेबलावर लढाया खेळायचा नाद असलेल्या माणसाला सैन्याची चिंता नसते. बोटाच्या पेराएवढे शिपाई. मिठाईच्या एका खोक्यात अख्खी पलटण झोपते. अडतं ते मुलखापाशी. थर्माकोलच्या दोन टेकड्या, एक पूल आणि पाच-सहा घरं केली की माळा भरला. त्यात थर्माकोलची टेकडी रचून ठेवता येत नाही, तिच्यावर काही ठेवता येत नाही, आणि टाकून द्यायला तर मन मुळीच होत नाही.

ही अडचण जुनी आहे. 1812 साली राइसविट्झ नावाच्या एका बॅरनने प्रशियाच्या राजाला, तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मला, युद्धाचा खेळ नजर केला तो चक्क फर्निचर म्हणून. भलंमोठं टेबल, त्याला खण, खणांत प्लास्टरचे रंगवलेले तुकडे. ते जुळवले की नदी, रस्ता, डोंगर, गाव तयार. राजपुत्र त्यावर खेळायचे. राजवाड्यात जागेला काय तोटा! पण छावणीतल्या साध्या लेफ्टनंटाने ते धूड ठेवायचं कुठे? पुढे बॅरनच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात होता, 1824 मध्ये तोच खेळ 1:8000 प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला आणि मग तो प्रशियाच्या सैन्यात पसरला. बापाचं टेबल राजापुरतं राहिलं, मुलाचा कागद पलटणींत पोचला. मला या घराण्यात मुलगा जास्त आवडतो.

मीही थर्माकोल सोडून कागदाकडे वळलो. माझ्याकडे सध्या कागदाची असई आहे. जालना जिल्ह्यातलं हे गाव, आणि 23 सप्टेंबर 1803 ची ती लढाई: एकीकडे शिंदे-भोसले, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून मिरवला. विकतचे छापील कागदी संच बघितले तर त्यांत सगळी युरोपातली उतरत्या छपरांची घरं. ती मराठवाड्यात कुठे लावणार? इथे माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं हवीत. आणि गंमत म्हणजे कागदात माळवद फार सोपं.

चार भिंतींची एकच पट्टी घ्यायची, समोरासमोरच्या भिंती सारख्या मापाच्या. घडी घालायची तिथे आधी संपलेल्या रिफिलीने पट्टी धरून रेघ दाबून घ्यायची, नाहीतर जाड कागद घडीवर फुटतो आणि भिंतीला तडा गेल्यासारखं दिसतं. चौथ्या कोपऱ्यावर चिकटवायला बोटभर जास्तीची पट्टी, तळ मुळीच नाही. मग दोन कोपरे धरून दाबलं की घर आडवं पडतं. आतल्या बाजूला समोरासमोर दोन दुमडत्या पट्ट्या, त्यांवर सपाट तुकडा टेकवला की माळवद. वर उरलेली भिंत म्हणजे कठडा, त्याच्याआड दोन बंदूकवाले सहज उभे राहतात. कापलेल्या कडेची पांढरी रेघ मात्र फार डोळ्यांत खुपते. त्या कडेवरून तपकिरी स्केचपेन फिरवला की पुठ्ठ्याचं घर मातीचं होतं. एवढ्या एका हाताने जो फरक पडतो, तो महागड्या रंगांनी पडत नाही. फेव्हिकॉल बेताचा लावावा. जास्त झाला की भिंतीला पोक येतं.

कच्चा माल म्हणाल तर लग्नपत्रिका. यांच्याइतका कडक, गुळगुळीत आणि फुकटचा कागद या देशात दुसरा नाही. सोसायटीतल्या एक काकू तर पत्रिका परस्पर माझ्याकडेच पाठवतात: "लग्न लागलं रे बाबा, घे आता तुझं गाव बांधायला." सोनेरी गणपती असलेला भाग तेवढा मी कापत नाही. बाभळी म्हणजे दोन कापीव आकार, एकाला वरून अर्धी चीर, दुसऱ्याला खालून, एकमेकांत अडकवले की झाड उभं. केळना आणि जुई या दोन नद्या हातकागदाच्या लांब पट्ट्या आहेत, त्या गुंडाळायच्या.

आता प्रश्न असा की किती गावं करायची? त्या परिसरात खेडी काय कमी होती! पण वेलस्लीचे वाटाडे सांगत होते की नदी पायी ओलांडायला जवळपास दुसरा उतार नाही, आणि त्याला केळनेच्या काठावर पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या काठावर दुसरं खेडं दिसलं. दोन गावं अशी समोरासमोर, म्हणजे मधे माणसं ये-जा करत असणारच, हा त्याचा हिशोब. तो बरोबर ठरला आणि फौज पार झाली. म्हणून ती दोन्ही खेडी टेबलावर हवीतच, प्रत्येकी एक घर पुरे. खुद्द असईला चार घरं आणि गावकूस, कारण शिंद्यांच्या चाकरीतला, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा सरदार पोलमन कवायती पायदळ फिरवून दोन नद्यांच्या मधे नव्याने उभा राहिला तेव्हा त्याची डावी बाजू या गावाला टेकली होती, आणि गावाच्या फार जवळ गेलेली 74 वी हायलँडर पलटण तोफांपुढे चिरडली गेली. बाकीची खेडी मी गाळली. ज्या घरामुळे कुणाचा बेत बदलत नाही, ते कापायचं नाही. थर्माकोलच्या दिवसांत हा विचार सुचला नसता. तेव्हा हौसेने विहिरी आणि गोठेसुद्धा करून ठेवायचो.

कुणी म्हणेल, कागद तो कागदच, दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याची सर त्याला नाही. खरंय. आळीव उगवलेल्या डोंगराची मजा पुठ्ठ्यात नाही. पण तो किल्ला अंगणात असतो, आणि आमच्याकडे अंगणाच्या नावाने दीड फुटांची बाल्कनी आहे. असई मात्र दोन नद्यांसकट एका बॉक्स फाइलीत बसून पुस्तकांच्या रांगेत उभी राहते.

आता डोक्यात गाविलगड आहे. त्याच मोहिमेचा शेवट, डिसेंबर 1803. बाहेरचा किल्ला, मधली घळ, मग आतला किल्ला, आणि सगळं चिखलदऱ्याच्या कड्यावर. कडा घडीचा कसा करायचा, हे अजून जमलेलं नाही. जिन्यासारखी मागेपुढे घडी घातली तर उभा राहतो, पण शिपाई ठेवला की वाकतो. काकूंच्या धाकट्या लेकाचं लग्न मार्गशीर्षात आहे. पत्रिका जाड निघाली तर बघू.