व्यत्यय

पूर्वी टीव्ही बंद पडायचा तेव्हा तो तसं कबूल करायचा. पडद्यावर पाटी यायची, 'रुकावट के लिए खेद है', मागे कसलंसं वाद्य वाजत राहायचं आणि वाड्यातली पंधरा-वीस माणसं त्या पाटीकडे बघत बसायची. कुणी उठायचं नाही. उठलं आणि तेवढ्यात चित्र आलं तर? अण्णा म्हणायचे, "खेद आहे म्हणतायत ना, मग येईल." आणि यायचंही. बहुतेक वेळा आपला गडी बाद होऊन तंबूत पोचल्यावर.

अण्णांचा जीव खरा रेडिओवर. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला लावून ते दाढी करायचे आणि चौकार गेला की गालावर काप पडायचा. टीव्हीबद्दल त्यांची एकच तक्रार होती. दूरदर्शनवाले षटक संपायच्या आत जाहिरात लावत आणि पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पडून गेल्यावर परत येत. "सहावा चेंडू साबणाने खाल्ला," ते म्हणायचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातलं धावफलक बघून तो चेंडू शोधायचा त्यांचा प्रयत्न असे, पण धावफलकात चेंडू सापडत नाहीत.

हे सगळं आठवलं ते गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी. आयपीएलचा सामना, शेवटची चार षटकं, चाळीसेक धावा हव्या होत्या. मी पोळ्या उरकून, हात पुसत येऊन बसले आणि चित्र थिजलं. गोलंदाजाचा हात वर, चेंडू हातातच. आमच्याकडे आता अँटेना नाही, केबल नाही, सगळा कारभार भिंतीवरच्या इंटरनेटच्या पांढऱ्या डब्यावर. त्याचे दिवे हिरवे असले की घरात शांतता. मी पाहिलं तर तांबडा दिवा लुकलुकत होता.

मी ग्राहक सेवेला फोन लावला.

हिंदीसाठी 1, इंग्रजीसाठी 2, मराठीसाठी 3. मी अभिमानाने 3 दाबला. मग नोंदणीकृत मोबाईल क्रमांक टाकायचा. तो मुलाचा, कारण कनेक्शन त्याने घेतलं होतं आणि तो आता बंगळुरूला असतो. ओटीपी बंगळुरूला गेला. मुलाला दुसऱ्या फोनवरून विचारलं तर तो म्हणाला, "आई, थांब ना, शेवटची ओव्हर चालूय." म्हणजे त्याच्याकडे सामना दिसत होता आणि माझ्याकडे त्याचा ओटीपीही नव्हता. आला एकदाचा. आकडे टाकले. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," बाई म्हणाली. इतकी गोड बोलली की मला लगेच कळलं, अर्धा तास जाणार.

थांबवून ठेवतानाचं संगीत कोण रचत असेल, याचं मला कुतूहल आहे. ते गाणं नसतं, धून नसते. कुणीतरी एक सूर दातात अडकल्यासारखा घोळवत असतं. ते दर वीस सेकंदांनी थांबतं, आपल्याला वाटतं माणूस आला, आपण "हॅलो, हॅलो" करतो आणि बाई सांगते की आता दुप्पट वेगाचा नवा प्लॅन घ्या, सोबत अमुक महिने मोफत. ज्याचं कनेक्शन बंद आहे त्याला दुप्पट वेगाने बंद पडणारं कनेक्शन विकायला बसलेला हा विक्रेता मला थोर वाटतो.

शेवटी माणूस आला. 3 दाबूनही तो हिंदीतच बोलला, पण त्याबद्दल मी काही म्हटलं नाही. आला हेच खूप. त्याने आधी माझी असुविधा समजून घेतली. मग डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. मी म्हटलं, तीनदा केला. तो म्हणाला, एकदा अजून करा मॅम. मी केला. दिवा तांबडाच. "मैं आपको एक मिनट होल्ड पे रखता हूँ," तो म्हणाला, सूर पुन्हा दातात अडकला आणि फोन कट झाला. दोन मिनिटांनी संदेश: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. मी 31 वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसले आहे. "प्रिंटर बंद आहे, पासबुक उद्या आणा," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. काही वेळा प्रिंटर खरंच बंद असायचा. नोकरीला लागले तेव्हा पितळी टोकनं होती. ते टोकन मुठीत धरून माणसं बाकावर बसत, माझ्याकडे बघत आणि मी मान वर न करता खतावणीत बघत असे. तेव्हा मी काही गोड बोलत नसे. पण एक होतं, जाळीपलीकडून मी दिसत होते. रागवायचं तर समोर तोंड होतं. एक आजोबा तर दर महिन्याच्या 1 तारखेला पेन्शन घ्यायला यायचे आणि पैसे मोजून झाल्यावर, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, वागणं सुधारा," असं सांगून जायचे. त्यांना दहापैकी गुण द्यायला कुणी फोन केला नाही. त्यांनी ते हातोहात दिले.

असो. त्या रात्री टीव्ही नाही, म्हणून मी बँकेतल्या सवयीने कागद-पेन्सिल घेतली. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच मोसमांच्या प्रक्षेपणाचे हक्क 2022 च्या लिलावात 48,390 कोटी रुपयांना गेले. धरलेले सामने 410. म्हणजे एका सामन्याला 118 कोटी. एका सामन्यात दोन्ही डावांचे मिळून 240 चेंडू, वाइड-नोबॉल सोडून. भागाकार केला तर एक चेंडू पडतो सुमारे 49 लाखांना. अण्णांचा साबणाने खाल्लेला सहावा चेंडू आजच्या भावात 49 लाखांचा! त्या माणसाने आयुष्यभर पगार मोजला तरी तेवढा झाला नसेल, आणि दूरदर्शनने त्याचे असे शेकड्याने चेंडू खाल्ले.

एवढे पैसे दिलेत म्हटल्यावर ते कुणाकडून तरी वसूल होणारच. माझ्याकडून. मी सामना बघते असं मला वाटतं; खरं तर मी थांबते, आणि माझं थांबणं विकलं जातं. आयपीएलने तर त्यासाठी खास सोयच केली. 2009 चा मोसम दक्षिण आफ्रिकेत झाला तेव्हा प्रत्येक डावाच्या मधोमध साडेसात मिनिटांची 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' आली. एवढ्या लांब विश्रांतीने खेळाडूंचीच लय बिघडायला लागली, ओरड झाली, मग तिचे तुकडे केले; आता डावात दोन, अडीच-अडीच मिनिटांच्या. सामन्याची मिळून दहा मिनिटं. नाव डावपेचाचं. पण मैदानावर पाहावं तर खेळाडू पाणी पीत असतात, प्रशिक्षक कमरेवर हात ठेवून काहीतरी सांगत असतो आणि खरा डावपेच आमच्या पडद्यावर चालू असतो, सिमेंट, टायर, पंखे आणि विमा घेऊन.

जाहिरातीवर माझा मुळात राग नाही, हेही सांगते. 1996 च्या विश्वचषकात एक थंड पेय अधिकृत होतं आणि दुसऱ्याने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत त्याची टर उडवली, तेव्हा आमच्या शाखेत कित्येक दिवस कुठल्याही फाइलवर शेरा मारताना लोक तेच म्हणत. ती जाहिरात पाहायला आम्ही थांबायचो. आता जाहिरात थांबतच नाही, ती खेळातच शिरते. चेंडू टाकायला गोलंदाज पळत असतो आणि चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं, खालून आणि बाजूने एल आकाराची पट्टी येते. शेतजमिनीत भाऊबंदाने बांध सरकवावा तसं. षटकार गेला की तो नुसता षटकार नसतो. सुरुवातीच्या मोसमांत तो एका बांधकाम कंपनीच्या नावाचा 'मॅक्सिमम' होता. मैदानावर तरंगणाऱ्या फुग्याकडेही समालोचक कौतुकाने बघायचे, कारण त्यावर टायर कंपनीचं नाव होतं.

आणि वेलची! मोठमोठे नट हेलिकॉप्टरमधून उतरतात, घोडे उधळतात, झुंबरं लखलखतात, आणि शेवटी हातात काय, तर वेलची. मी चाळीस वर्षं श्रीखंडात वेलची घालते आहे, माझ्या मागे कधी घोडे उधळले नाहीत. त्या पुडीच्या गुटखा-तंबाखूवाल्या भावंडांची जाहिरात करता येत नाही, म्हणून ही सोज्वळ धाकटी पुढे केली जाते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पैसे लावून खेळायच्या ॲपांचंही तेच होतं. तिथे शेवटी 'आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते' हे वाक्य इतक्या वेगाने म्हणायचे की त्या निवेदकाला यॉर्कर टाकायला बोलवावं. ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला आणि ती ॲपं गेली. पुढच्याच महिन्यात आशिया चषकात भारताच्या सदऱ्यावर छातीवर नुसतं 'इंडिया' होतं, प्रायोजक कुणी नाही. मला तो सदरा फार आवडला. टिकला नाही अर्थात.

पुण्याच्या माणसाने तर या बाबतीत बोलूच नये. आम्हाला 2016 मध्ये 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' नावाचा संघ मिळाला, दोन वर्षांसाठी, चेन्नई आणि राजस्थान बंदीत होते म्हणून. सरळ सांगायचं तर मर्यादित कालावधीची ऑफर. पहिल्याच वर्षी दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याचं घर झालं विशाखापट्टणम. त्यात माझी तक्रार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी चाललं होतं, तेव्हा खेळपट्ट्या भिजवणं शोभलं नसतं. दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा 'स' काढून टाकला, सुपरजायंट्सचं सुपरजायंट झालं, आणि संघ अंतिम सामन्यात पोचला. 21 मे 2017, हैदराबाद. मुंबईच्या 129, आपल्याला 130 हव्या. शेवटच्या षटकात 11, शेवटच्या चेंडूवर 4. दोन पळून झाल्या, तिसरीला धावबाद. एका धावेने हरलो. आणि नंतर संघच नाही! पुढच्या वर्षी उट्टं काढू म्हणायचीही सोय नाही. ही तक्रार कुठे नोंदवायची? मराठीसाठी किती दाबायचं?

तर त्या 'सोडवलेल्या' तक्रारीसाठी दुसऱ्या दिवशी 'सकाळी 10 ते संध्याकाळी 6 च्या दरम्यान' दुरुस्तीवाला येणार होता. भाजी आणायलाही मी बाहेर पडले नाही. साडेपाचला एक पोरगा आला, खांद्यावर तारेचं वेटोळं, पाठीला सॅक, घामाने चिंब. कोपऱ्यावर रस्ता खणताना तार तुटली होती. पाणी प्यायला आणि आधी म्हणाला, "काकू, ओटीपी सांगा."

"अरे, काम तर कर."

"करतोच आहे काकू, पण सहाच्या आत टाकला नाही तर तक्रार उशिरात जाते, मला बोलणी बसतात."

ओटीपी पुन्हा बंगळुरूला. पुन्हा मुलगा, पुन्हा "आई, मीटिंगमध्ये आहे." तोपर्यंत पोरगा जिना उतरून खांबापाशी गेला, एका छोट्या यंत्रात केसासारखी तार जोडून वर आला, आणि डब्यावर दिवा हिरवा. वीस मिनिटांचं काम. मी चहा टाकला. गप्पांत 2017 चा विषय निघाला. "तेव्हा मी सातवीत होतो काकू," तो म्हणाला, "तिसरी धाव घ्यायलाच नको होती." मी म्हटलं, अरे, न घेता हरलोच असतो. "हो, पण मग तो बाद तरी झाला नसता," तो म्हणाला. मला हे फारच पटलं.

जाता जाता दारात थांबला. "काकू, फोन येईल. दहापैकी गुण विचारतील. दहाच द्या हं. नऊ दिले तरी आमचं कापतात."

नऊ दिले तरी! आमच्या शाळेत निबंधाला दहापैकी सात म्हणजे पेढे वाटत. बँकेत साहेबाने कुणाला पैकीच्या पैकी दिले की लोक साहेबाकडे संशयाने बघत. दहा म्हणजे आता त्याहून चांगलं काही उरलंच नाही, आणि असं लिहून देणं माझ्या हाताला सवयीचं नाही. पण त्या पोराला मी म्हटलं, "दहा देईन. शब्द दिला."

फोन त्याच रात्री आला, अर्थात शेवटच्या षटकात. माझाच नंबर द्या म्हणून मी त्याला बजावलं होतं. तीच गोड बाई. आमच्या तंत्रज्ञाच्या सेवेला 1 ते 10 मध्ये गुण द्या. मी चष्मा शोधला, 1 दाबला, आणि 0 वर बोट नेते न नेते तोच बाई म्हणाली, "आपण 1 गुण दिला आहे. आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद." आणि फोन ठेवला.

मी लगेच उलटा फोन लावला. हिंदीसाठी 1, इंग्रजीसाठी 2, मराठीसाठी 3. समोर हिरव्या दिव्यावर सामना धो-धो चालू होता, सहा चेंडूंत बारा धावा हव्या होत्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला. तो माणूस मधेच आला तर ऐकू यायला हवा.