टाकीतला वापसा

खूप दिवसांनी लिहितेय. वर्षभर माझ्या झाडं-माशांच्या टाकीबद्दल (अ‍ॅक्वेरियमबद्दल) काही लिहिलंच नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. रोटाला या पाणवनस्पतीच्या खालच्या पानांना भोकं, शेंडे बारीक होत चाललेले, आणि फिल्टरच्या पाईपवर, लाकडावर, अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळी दाढी, म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी नावाचं शेवाळ. रोज रात्री समोर बसायचे, बघायचे आणि वाईट वाटायचं. आता टाकी बरी आहे, चांगलीच बरी आहे, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण मी ज्या चुका केल्या त्या बरेच जण करतात आणि त्यात झाडं आणि मासे दोन्ही जातात.

आधी टाकीची माहिती. तीन फुटी, ९० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटर. बाहेरून हिशोब केला तर १८२ लिटर येतं पण माती, दगड, वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण १५० लिटर. हा १५०चा आकडा महत्त्वाचा, कारण खताचा सगळा हिशोब खऱ्या पाण्यावर करायचा, टाकीच्या मापावर नाही. सीओटूचा (कार्बन डायऑक्साईडचा) सिलेंडर, गॅस चालू-बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टायमरवर, लाईट आठ तास. झाडं रोटाला, पोगोस्टेमॉन इरेक्टस, क्रिप्टोकोरीन. मासे हार्लेक्विन रास्बोरा आणि चेरी श्रिम्प.

आता खत. आमचं घर तासगावकडचं, द्राक्षवाले. त्यामुळे मला एक गोष्ट पहिल्यापासून माहीत होती की दुकानात छोट्या बाटलीत जे महाग विकतात त्यातला बराचसा माल कृषी सेवा केंद्रात किलोच्या पाकिटात मिळतो. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ड्रिपमधून बागेला सोडतो तेच. फक्त पाकिटावरचे आकडे सरळ धरायचे नाहीत, ५२ म्हणजे फॉस्फेट नव्हे आणि ४५ म्हणजे निव्वळ पोटॅशियम नव्हे, ते ऑक्साईडच्या हिशोबात छापलेले असतात. मी धरते तो हिशोब असा: १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ०.६१ ग्रॅम नायट्रेट, आणि १ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेटमध्ये सुमारे ०.७० ग्रॅम फॉस्फेट.

आणि हे कृपया नीट वाचा, १९:१९:१९ टाकीत कधीच टाकायचं नाही, १२:६१:०० पण नाही. पहिल्यात युरिया आणि अमोनियाचा नत्र असतो, दुसरं तर अमोनियम फॉस्फेटच आहे. बागेत चालतं कारण तिथे माती आहे, मासे नाहीत. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा पीएच ८च्या आसपास असतो, त्या पाण्यात अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होतो आणि मासे एका रात्रीत जातात. माझ्या एका मैत्रिणीने मी सांगितलेलं अर्धवट ऐकून "विद्राव्य खत" म्हणून १९:१९:१९ आणलं आणि तिची अख्खी टाकी गेली. मी तिला आकडे लिहून दिले नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं.

तर मी डोस द्यायचे एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धतीने, टॉम बार यांनी लोकप्रिय केलेली पद्धत. मोजत बसायचं नाही, सगळं थोडं जास्तच द्यायचं म्हणजे कशाचीच कमतरता पडत नाही, आणि आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं म्हणजे काही साठून राहत नाही. आठवड्यातून तीनदा २.४५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दर वेळी १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) नायट्रेट. भरपूर झालं की. तरी पानांना भोकं! जुन्या पानांना भोकं म्हणजे पोटॅशियम कमी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून मी वेगळं पोटॅशियम सल्फेट आणून टाकायला लागले. मग शेंडे फिकट वाटले म्हणून आयर्न वाढवलं. दोन महिने हे असंच चाललं, दर चार दिवसांनी काहीतरी बदलायचं, आणि काळी दाढी मात्र जोमात.

मार्चच्या शेवटी आबा आले पुण्याला. द्राक्षं उतरून झाली होती, एप्रिलच्या खरड छाटणीला थोडे दिवस होते, तेवढेच त्यांना मोकळे मिळतात. टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि मी सगळं सांगितलं, किती ग्रॅम, कधी, काय काय वाढवलं. त्यांनी विचारलं, "आगं, खत घालतियास खरं, पर वापसा हाय का त्येला?"

मी आधी हसले, म्हटलं आबा पाण्यातल्या झाडाला कसला वापसा. ते काही बोलले नाहीत. पण रात्री झोपताना ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वापसा म्हणजे जमिनीत मुळांपाशी पाणी पण आहे आणि हवा पण आहे अशी अवस्था. पाऊस जास्त झाला, वाफसा गेला (आमच्याकडे काही जण वाफसा म्हणतात), की मुळी खत उचलतच नाही, कितीही टाका. माती परीक्षणात पोटॅश भरपूर दिसतो आणि देठ परीक्षणात पानात पोटॅश कमी येतो, हे मी लहानपणापासून घरात ऐकत आलेय. जमिनीत आहे पण झाडात नाही. माझ्या टाकीत अगदी तेच चाललं होतं! पाण्यात नायट्रेट २५ पीपीएम, आणि झाड उपाशी. मग इथे वापशाच्या जागी काय? हवा. म्हणजे सीओटू.

पाण्याखाली कार्बन मिळवणं झाडाला फार अवघड असतं. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. नुसत्या हवेशी जुळलेल्या पाण्यात २५ अंशाला सीओटू लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो, आणि आपल्याला ३०च्या आसपास हवा असतो. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशी झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून पण कार्बन काढतात म्हणून ती कशातही वाढतात. रोटालाला ते नीट जमत नाही. आणि का जमावं, त्याची भावंडं सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यात उगवतात, बोटभर पाणी, शेंडा लगेच हवेत. पोगोस्टेमॉनचंही तसंच, कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जी जांभळी मंजिरी फुलते ती याच कुळातली. अशा झाडांना आपण दीड फूट पाण्याखाली ठेवतो, तर कार्बन पोचवायची जबाबदारी आपलीच.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा नीट मोजलं. केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा कडकपणा, ५. केएच आणि पीएच मिळून पाण्यात सीओटू किती आहे याचा अंदाज येतो. एक ग्लास टाकीचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं, त्यातला सीओटू निघून गेल्यावर पीएच ७.९ आला. मग टाकीत दर तासाला पीएच बघितला. लाईट लागताना ७.५, म्हणजे सीओटू जेमतेम ५ पीपीएम! पीएच ६.८ला पोचायला चार तास लागले, म्हणजे अर्धा दिवस झाडं भर उजेडात कार्बनशिवाय. ड्रॉप चेकर (टाकीत लावायची छोटी कुपी, सीओटू कमी असला की निळी, पुरेसा असला की हिरवी, जास्त झाला की पिवळी) सकाळी निळा असतो हे मला रोज दिसत होतं, पण दुपारी हिरवा होतो ना, मग झालं, असं मी धरून चालले होते. चूक तिथेच होती. लाईट म्हणजे मागणी, आणि सगळ्यात जास्त मागणी असते तेव्हाच पुरवठा नाही. शिवाय रोज ५ वरून २४ आणि परत खाली, अशी चढउतार म्हणजे काळ्या दाढीला आमंत्रण.

बदल तीनच केले. सोलेनॉइड लाईटच्या आधी अर्ध्या तासाऐवजी दोन तास आधी चालू आणि लाईट बंद व्हायच्या एक तास आधी बंद. गॅसचे बुडबुडे करणारा डिफ्यूजर मागच्या कोपऱ्यातून काढून फिल्टरच्या आउटलेटखाली समोरच्या काचेला लावला, म्हणजे बारीक बुडबुडे प्रवाहाबरोबर खाली झाडांपर्यंत जातात, आधी ते सरळ वर जाऊन फुटायचे. आणि लाईट आठ तासावरून साडेसहा. खताला हात लावला नाही. हे मला फार जड गेलं, पण आबांनी जाताना बजावलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पंधरा दिवस थांब, नाहीतर कशानं काय झालं ते कळणारच नाही. मी तीन बदलले, पण तिन्ही कार्बन आणि उजेडाचेच. लाईट लागताना पीएच ६.७ आणि तिथून संध्याकाळपर्यंत तसाच. केएच ५ला ६.७ म्हणजे ३० पीपीएम.

बारा-तेरा दिवसांनी नवीन शेंडे जाड यायला लागले. जुनी पानं सुधारत नाहीत, ती बघायचीच नाहीत, भोक पडलेलं पान भरत नसतं, कापून टाकायचं. नवीन पान बघायचं.

आणि मग मेमध्ये मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. सगळं छान चाललंय तर पक्कं करून टाकू म्हणून पीएच कंट्रोलर घेतला. पीएच ६.७ला लावला, त्याच्या वर गेला की तो गॅस सोडतो, खाली आला की बंद करतो. आमच्या सोसायटीत एरवी पालिकेचं पाणी आणि थोडं बोअरचं मिसळून येतं. मेमध्ये टँकर सुरू झाले. मी नेहमीसारखं शनिवारी अर्धं पाणी बदललं, केएच बघितलाच नाही, आणि रविवारी परत टँकरचं पाणी टाकलं कारण पाणी थोडं गढूळ वाटलं. टाकीचा केएच ११-१२ झाला होता. केएच १२ असताना ३० पीपीएम सीओटूला पीएच ७.१च्या आसपास असायला पाहिजे. कंट्रोलरला ते माहीत नाही, तो बिचारा ६.७ गाठायला गॅस सोडतच राहिला, म्हणजे तो निघाला होता ७० पीपीएमकडे. वर टाकीचं पाणी ३१ अंश, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी.

संध्याकाळी घरी आले तर सगळे रास्बोरा वर तोंड काढून धापा टाकत होते आणि श्रिम्प उलटे पडलेले. ड्रॉप चेकर पिवळाधमक. गॅस बंद केला, आउटलेट वर उचलून पाणी खळखळ पडेल असं केलं, एअर पंप लावला, पाणी बदललं. चौदापैकी नऊ मासे वाचले. श्रिम्प जवळजवळ सगळे गेले. त्या रात्री मी जेवले नाही.

त्यामुळे पीएचचा आकडा पाठ करून ठेवू नका, केएचबरोबर तो बदलतो. म्हणून ड्रॉप चेकर चांगला, त्यात आपण ४ केएचचं वेगळं पाणी भरतो, टाकीच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, मधल्या हवेतून फक्त गॅस जातो. तो दोन तास उशिरा सांगतो, पण टँकरचं पाणी असो की पालिकेचं, हिरवा म्हणजे ३०च्या आसपासच. कंट्रोलर काढून ठेवला. आता टायमर आणि गॅस किती सुटेल ते ठरवणारा नीडल व्हॉल्व्ह, आणि पाणी बदलायच्या आधी बादलीतला केएच तपासते, टँकरचं असेल तर एका वेळी पाव टाकीच बदलते. पृष्ठभाग पण थोडा हलता ठेवलाय. गॅस थोडा जास्त जातो, सिलेंडर लवकर संपतो, चालेल, माशांना श्वास मिळतो.

हे सगळं बसल्यावर मग खताकडे वळले, आणि गंमत म्हणजे वाढवायचं नव्हतंच, कमी करायचं होतं. ५०० मिली आरओच्या पाण्यात २४.५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि २.१५ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट. त्यातलं २५ मिली, आठवड्यातून तीनदा. १५० लिटरला प्रत्येक वेळी ५ पीपीएम नायट्रेट, ०.५ पीपीएम फॉस्फेट, आणि पोटॅशियम सुमारे ३.४ पीपीएम आपोआप मिळतं, त्यामुळे पोटॅशियम सल्फेट बंदच केलं. या हिशोबाने १३:००:४५चं एक किलोचं पाकीट पाच वर्षं पुरेल. ओल मात्र लागू द्यायची नाही, दगड होतो त्याचा. काचेवर हिरवे कडक ठिपके यायला लागले तर फॉस्फेट थोडं वाढवून बघा, माझ्याकडे त्याने फरक पडला.

सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या बाटलीत, मधल्या दिवशी. एकत्र केलं तर लोह आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसतात, बागेत कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एका टाकीत कालवत नाहीत तसंच. लोह कुठल्या चिलेटमधलं (लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) आहे तेही बघा. ईडीटीए पीएच ६.५च्या वर टिकत नाही, आपल्या कडक पाण्यात ते वाया जातं. डीटीपीए बरं. ईडीडीएचए सगळ्यात टिकाऊ, चुनखडीच्या रानात द्राक्षाला तेच देतात, पण त्याने पाणी लालसर दिसतं. मी डीटीपीएवर आहे.

काळी दाढी अजून पाईपच्या तोंडाशी थोडी आहे पण नवीन पानांवर एकही नाही. रोटाला पहिल्यांदाच वरच्या बाजूला गुलाबी झालाय. श्रिम्प परत आणलेत, दहाच, आणि काल एकीच्या पोटाखाली अंडी दिसली. आबांना फोटो पाठवला तर फोन आला, आता खत किती देतेस म्हणून. निम्मं, म्हटलं. "मग देठ तपासायला लाव की," म्हणाले. रोटालाचं देठ दोऱ्याएवढं असतं आबा, पण तुमचं बरोबर आहे, पुढच्या महिन्यात डोस अजून एक पायरी कमी करून बघणार आहे, पंधरा दिवस काही न बदलता.